पिकालाही इशारा पातळी हवी

२०२५च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा, मांजरा आणि गोदावरी पात्र सोडून वाहू लागल्या. मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात काढणीला आलेले सोयाबीन, बोंडे धरलेला कापूस पाण्याखाली गेला आणि अनेक ठिकाणी पिकाबरोबर जमीनही खरडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा बाधित क्षेत्राचा आकडा ६८ लाख हेक्टरांच्या पुढे होता. पुढची चर्चा ठरलेल्या वाटेने गेली. रक्कम पुरेशी आहे का, पंचनामे नीट झाले का, पैसे खात्यावर कधी पडणार? हे प्रश्न रास्तच आहेत, पण ते सगळे पाणी ओसरल्यानंतरचे आहेत. मे ते सप्टेंबर या काळात कोण काय ठरवू शकत होते आणि ते ठरवायला कोणी बांधील होते का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. शेतीतली आपत्कालीन तयारी म्हणजे गोदामात माल भरून ठेवणे एवढेच नाही. कोणते माप कुठवर पोहोचले की कोणी, किती दिवसांत, कोणत्या पैशातून काय करायचे, हे शांत काळात ठरवून ठेवणे हा तिचा गाभा आहे. हे जिथे ठरलेले होते तिथे नुकसान आटोक्यात राहिले. जिथे नव्हते तिथे चांगल्या योजनाही कागदावर राहिल्या.

शेतीला ही पूर्वतयारी इतर क्षेत्रांपेक्षा जास्त लागते, कारण तिथे मदतीची किंमत वेळेवर ठरते. वाहून गेलेला पूल सहा महिन्यांनी बांधला तरी तो पूलच असतो. हुकलेली पेरणी सहा महिन्यांनी करता येत नाही. कोरडवाहू भागात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो. तेवढा पाऊस जूनमध्ये झाला तर मूग-उडदापासून कापसापर्यंत सगळे पर्याय खुले असतात. जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडला की मूग, उडीद, कापूस मागे पडतात आणि बाजरी, तूर, सूर्यफूल, तीळ, एरंड यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे बियाण्याची तीच पिशवी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मदत ठरते आणि ऑगस्टच्या अखेरीस नुसता खर्च. काढणीच्या वेळी तर हिशेब तासांवर येतो. कापून शेतात गंजी लावलेले सोयाबीन दोन दिवस भिजले की शेंगेतच कोंब येऊ लागतात. जनावरांची गरज याहून सरळ आहे. त्यांना रोज खायला लागते आणि निर्णय लांबला तरी भूक थांबत नाही. या वेळापत्रकाशी न जुळणारी मदत कितीही मोठी असली तरी ती झालेल्या हानीवरचा मोबदला असतो. हानी टाळण्याचे काम तिच्याकडून होत नाही.

आपल्याकडे योजनाच नाहीत, असे मुळीच नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कृषी विद्यापीठांच्या मदतीने देशातल्या ६००हून अधिक जिल्ह्यांचे आपत्कालीन पीक आराखडे तयार केले आहेत. मोसमी पाऊस दोन, चार, सहा किंवा आठ आठवडे लांबला तर कोणत्या जमिनीत कोणते पीक आणि कोणते वाण घ्यावे, हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर किंवा शेवटी खंड पडला तर काय करावे, हे त्यात जमिनीच्या प्रकारानुसार दिलेले आहे. पूर, गारपीट, उष्णतेची लाट, चक्रीवादळ यांचा विचार आहे. जनावरे, कोंबड्या आणि मासे यांच्यासाठीही वेगळी पाने आहेत. शास्त्र म्हणून हे काम मोलाचे आहे. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर येते. समजा, पाऊस सहा आठवडे लांबला आणि आराखड्याने सूर्यफूल किंवा कमी दिवसांची तूर सुचवली. ते बियाणे तालुक्याच्या दुकानात असेल तरच त्या ओळीला अर्थ आहे. बियाणे जुलैमध्ये मागवून मिळत नाही. त्याचा बीजोत्पादन कार्यक्रम आदल्या वर्षी घ्यावा लागतो, आणि जे बियाणे कदाचित विकलेच जाणार नाही ते पिकवून राखून ठेवण्याचा तोटा कोणीतरी सोसावा लागतो. महाबीजसारखे महामंडळ किंवा खासगी कंपनी तो स्वतःहून का सोसेल? म्हणजे पर्यायी पिकाचा निर्णय पाऊस लांबल्यावर घेण्याचा नसून बारा महिने आधी घेण्याचा आहे. आराखडे शेतकऱ्याने काय करावे ते नेमके सांगतात. यंत्रणेने कोणत्या तारखेला काय केलेले असावे, तिथे मात्र ते मोघम होतात.

ठरवून ठेवलेले माप काय करू शकते, हे कोल्हापुरात दिसते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर आले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात हे दोन आकडे जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी असतात. त्यावर वाद होत नाही, समिती बसत नाही. पाणी कुठे आहे ते कळले की पुढे काय करायचे ते गावाला कळते. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा या व्यवस्थेची मर्यादाही दिसली. २००५च्या पुराची खूण प्रमाण धरून अनेक कुटुंबे घरात थांबली आणि गोठ्यातल्या जनावरांसह अडकली. मात्र नंतरच्या पुरांत चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून जनावरांसह स्थलांतर लवकर सुरू झाले, कारण आकड्याला अनुभवाची जोड मिळाली होती. यातला धडा असा, की इशारा पातळी दगडावर कोरून ठेवायची गोष्ट नाही. प्रत्येक आपत्तीनंतर ती तपासून पाहावी लागते. पण ती असली तरच तपासता येते. नदीसाठी आपण जे केले ते सोयाबीनसाठी, कडब्यासाठी किंवा दुभत्या म्हशीसाठी फारसे केलेले नाही.

जिथे केले तिथे फरक पडला. २००८च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीन फस्त केले. अळी दिसू लागली तेव्हा फवारणीची वेळ निघून गेली होती. त्यातून २००९-१०मध्ये ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प उभा राहिला. ठरलेल्या गावांत ठरलेल्या दिवशी किडींची मोजणी करायची, आकडे विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवायचे आणि कीड आर्थिक नुकसान पातळी ओलांडते आहे असे दिसताच त्या भागापुरता सल्ला आणि औषध पोहोचवायचे, अशी त्याची रचना. इथे पिकाला इशारा पातळी मिळाली. तरीही २०१७मध्ये कापसावर गुलाबी बोंडअळीने हाहाकार उडवला, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो खरा आहे. ही अळी बोंडात शिरून राहते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांच्या पाहणीत ती सापडत नाही. तिच्यासाठी माप बदलावे लागले. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग आले की उपाय सुरू करायचे, हा निकष गावोगाव गेला. त्याहून महत्त्वाचे दोन निर्णय कॅलेंडरचे होते. फरदड न ठेवता हंगाम वेळेवर संपवायचा, आणि लवकर पेरणी होऊन अळीला खाद्य मिळू नये म्हणून शेतकऱ्याला कापसाचे बियाणे १ जूनआधी विकायचे नाही. संकट दिसण्याच्या कितीतरी आधी घेतलेला, तारीख असलेला हा निर्णय आहे.

दुष्काळाच्या बाबतीत आपला इतिहास जुना आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाने १८८०मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. धान्याचे भाव, लोकांचे स्थलांतर, भुरट्या चोऱ्या यांवर लक्ष ठेवायचे, चाचणीदाखल कामे काढायची आणि तिथे गर्दी वाढली की मदतकार्य सुरू करायचे, अशी त्यांची शिस्त होती. वसाहती सरकारचा हात आखडता होता. मजुरी तुटपुंजी होती आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत माणसे मोठ्या संख्येने मेलीच. निकष असले की सगळे भागते, असे म्हणूनच म्हणता येत नाही; निकषामागे पैसा आणि इच्छा लागते. १९७२मध्ये महाराष्ट्राने ही दुसरी बाजू पुरी केली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात १९६५पासून रोजगार हमीची कल्पना राबवून पाहिलेली होती, म्हणून दुष्काळ आला तेव्हा राज्याला शून्यातून सुरुवात करावी लागली नाही. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. राज्याची तिजोरी तेव्हा आजच्यापेक्षा लहान होती, पण काय करायचे हे आधी करून पाहिलेले होते.

मात्र दुष्काळ ‘जाहीर’ करण्याची पद्धत बराच काळ पैसेवारीवर टेकून राहिली. पीक कापणीवर आधारलेली अंतिम पैसेवारी डिसेंबरात हाती येते, तोवर खरीप संपलेला असतो. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेने पावसातली तूट, पावसाचा खंड, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतला ओलावा, भूजल असे निर्देशक एकत्र आणले, त्यामुळे २०१८मध्ये १५१ आणि २०२३मध्ये ४० तालुक्यांत ३१ ऑक्टोबरला दुष्काळ जाहीर करता आला. ही सुधारणा खरी आहे. पण ३१ ऑक्टोबरला काय वाचवता येते? कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीची चांगली वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते, म्हणजे तीही टळलेली असते. ही तारीख पिण्याच्या पाण्याला आणि चाऱ्याला उपयोगी आहे, पिकाला नाही. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाची तूट ३६ टक्के होती. महावेध प्रकल्पाची २,०००हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांच्या पातळीवर पाऊस मोजत असताना त्या महिन्यात खंड कुठे किती दिवसांचा आहे, हे दडलेले नव्हते. माहिती हाताशी होती. अमुक दिवसांचा खंड पडला की संरक्षित पाण्याची पाळी, शेततळ्यांचे पाणी, पंपांचे डिझेल यांचे काय करायचे, याला बांधून घेतलेले निर्णय नव्हते.

चाऱ्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०१८-१९च्या दुष्काळात उन्हाळ्याच्या शेवटी राज्यात सुमारे दीड हजार चारा छावण्या होत्या आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास जनावरे होती. छावण्यांनी पशुधन वाचवले, यात शंका नाही. पण छावणी हा शेवटचा उपाय आहे. घरातला एक माणूस जनावरांपाशी अडकतो, ऊस तोडून चारला जातो आणि अनेक जनावरे छावणी उघडण्याआधीच बाजारात मातीमोल भावाने गेलेली असतात. गणित अवघड नाही. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण सहा किलो कोरडा चारा धरला तर चार महिन्यांना सातशे किलोंहून जास्त लागतो. तालुक्यातली जनावरे पशुगणनेत मोजलेली आहेत, कडब्याचा अंदाज पीकपेऱ्यावरून येतो. तूट सप्टेंबरातच मांडता येते. धरणांच्या काठची गाळपेर जमीन चाऱ्याच्या मक्याला किंवा ज्वारीला नाममात्र दराने देण्याचा निर्णय राज्याने २०१८मध्ये घेतलाही होता. तोच निर्णय दर वर्षी ठरलेल्या निकषावर आपोआप अमलात आला, तर जानेवारीत हिरवा चारा आणि मुरघास तयार असेल. जगभरातला अनुभवही हेच सांगतो. मंगोलियात २०१७-१८च्या कडक हिवाळ्यात जनावरे मरू लागण्याआधीच पशुपालकांना चारा आणि रोख मदत देण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासानुसार तिथे खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे पशुपालकांचा सात डॉलरांहून अधिक फायदा झाला.

यावरचा पहिला आक्षेप अंदाजांचा आहे. अंदाज चुकतात, इशारा दिला आणि काही झालेच नाही तर पैसा वाया जातो आणि पुढच्या इशाऱ्यावरचा विश्वासही. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच निर्णयांची प्रतवारी करावी लागते. काही कामे अशी आहेत की संकट आले नाही तरी त्यांचा पैसा बुडत नाही. बीबीएफ यंत्राने रुंद सरी वरंब्यावर सोयाबीन पेरले तर खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जाते. मुरघास पुढच्या वर्षी जनावरांच्याच पोटात जातो. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी मे महिन्यात करायला फारसा खर्च येत नाही, आणि २०२०मध्ये न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारींचा जो पाऊस पडला त्यावरून तिची किंमत कळते. अशी कामे सौम्य इशाऱ्यावर, किंबहुना इशाऱ्याविनाही, करावीत. जनावरे हलवणे किंवा पीक मोडून दुसरे घेणे यांसारखे महागडे निर्णय मात्र मोजलेल्या मापावरच घ्यावेत. नदीची उंची आणि सापळ्यातले पतंग हे अंदाज नसतात, घडून गेलेल्या गोष्टी असतात. शिवाय चूक दोन्हीकडे होते. उगाच केलेल्या तयारीचा खर्च लगेच डोळ्यांत भरतो आणि त्याबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. न केलेल्या तयारीचा खर्च मात्र निसर्गाच्या नावावर जमा होतो. निकष आधी ठरलेला असेल तर अधिकाऱ्यालाही संरक्षण मिळते.

दुसरा आक्षेप असा, की विमा आहे, नुकसानभरपाई आहे, मग एवढा खटाटोप कशाला? भरपाई हवीच. पण आपत्ती प्रतिसाद निधीचे अलीकडचे निकष पाहावेत: नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य कधी वाढीव दर देते, कधी मर्यादा वाढवते, तरीही एका हंगामाचा उत्पादनखर्च त्यातून निघणे कठीण. पीक विम्यात आधीच ठरवलेल्या निकषाची एक चांगली तरतूद होती. हंगामाच्या मध्यात अपेक्षित उत्पादन निम्म्याहून खाली जाणार असे दिसले तर संभाव्य भरपाईतली २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची. २०२३मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी तशा अधिसूचना काढल्या आणि अनेक जिल्ह्यांत विमा कंपन्यांनी त्यांना आव्हान दिले. खंड किती, कुठला, मोजला कसा, यावर अपिले झाली. म्हणजे निकष होता, पण तो वादापलीकडचा नव्हता. २०२५च्या खरिपापासून राज्याने ही आणि स्थानिक आपत्तीची तरतूद वगळून केवळ पीक कापणी प्रयोगांवर भरपाई देण्याचा मार्ग धरला. विम्यातले गैरप्रकार आणि वाढता भार ही त्यामागची कारणे गैर म्हणता येणार नाहीत. पण सदोष इशारा पातळी दुरुस्त करण्याऐवजी ती पुसून टाकली गेली, आणि त्याच हंगामात अतिवृष्टी झाली.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. काही संकटे वेळच देत नाहीत. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये राज्यभर झालेल्या गारपिटीने द्राक्षबागा, गहू, हरभरा काही मिनिटांत झोडपला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. वादळाची सूचना होती, पण वाडी उचलून नेता येत नाही. ओडिशाचा अनुभवही असाच दुहेरी आहे. १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे गेली. २०१३च्या फायलिनच्या वेळी सुमारे दहा लाख लोक आधीच हलवल्यामुळे बळींची संख्या काही डझनांवर राहिली, मात्र लाखो हेक्टरांवरचे भात गेलेच. अशा ठिकाणी तयारी दोन रूपांत येते. एक वाणाच्या रूपात: पूर्व भारतात २००९पासून आलेले स्वर्णा-सब१ हे भात सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा उभे राहते. दुसरी सावरण्याच्या वेगाच्या रूपात: पडलेली झाडे कापायला यंत्रे आणि माणसे, रोपवाटिकेत राखून ठेवलेली नारळ-सुपारीची रोपे, आणि गुंठ्यांच्या वाडीला साजेसे, झाडागणिक मोजणारे निकष. कोकणात हेक्टरी हिशेबाने सुरू झालेली मदत नंतर झाडांवर आणावी लागली. ज्या वाडीत नारळ, सुपारी, मिरी, जायफळ एकावर एक वाढतात तिला हेक्टरात मोजता येत नाही, हे वादळ येण्याआधीही ठाऊक होते.

शेवटचा आक्षेप पैशाचा. अल्पभूधारकाने तयारी कशातून करावी? त्याच्यावर हा बोजा टाकणे अन्यायच आहे. राखीव बियाणे, चारा, यंत्रे, मोजणी ही सार्वजनिक कामे आहेत आणि त्यांच्यासाठी पैशाची चौकटही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन निधीचे वाटप स्पष्ट केले: १००पैकी ४० मदत आणि प्रतिसादासाठी, ३० पुनर्उभारणीसाठी, १० पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी, २० आपत्ती सौम्य करण्यासाठी. म्हणजे १००पैकी ३० रुपये संकटाआधी खर्च करण्यासाठीच आहेत. त्यांतले शेतीसाठी किती, ते कोणत्या तालुक्यात कशावर गेले, हे विधानसभेपासून ग्रामसभेपर्यंत कोणीही विचारू शकते.

ते विचारण्याची जागाही ठरलेली आहे. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत खरीपपूर्व आढावा बैठका होतात. खते, बियाणे, पीककर्ज यांचे आकडे मांडले जातात. त्याच टेबलावर आणखी एक पान यावे: या तालुक्यात पाऊस चार आठवडे लांबला, वीस दिवसांचा खंड पडला, काढणीच्या तोंडाशी अतिवृष्टीचा इशारा आला किंवा चाऱ्याची तूट निघाली, तर कोणता अधिकारी वरून आदेशाची वाट न पाहता काय करेल आणि किती खर्च करू शकेल. आणि हंगाम संपल्यावर त्याच पानावर प्रत्येक निर्णयासमोर दोन तारखा लिहाव्यात, निकष ओलांडला गेला ती आणि काम सुरू झाले ती. या दोन तारखांमधले अंतर हेच त्या जिल्ह्याच्या तयारीचे खरे माप आहे, आणि पॅकेजच्या रकमेइतकेच ते जाहीर व्हायला हवे.